गिऱ्हाईक समोर, नजर शेजारच्या दुकानावर

२००५च्या उन्हाळ्यात मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या बाजारात जे घडलं, त्याचा उलगडा विपणनाच्या रूढ पाठ्यपुस्तकांतून होत नाही. झी आणि भास्कर या दोन समूहांच्या भागीदारीतून ‘डीएनए’ नावाचं नवं दैनिक येतंय, हे बरेच दिवस आधी सगळ्यांना ठाऊक होतं. दिल्लीचा ‘हिंदुस्तान टाइम्स’ही मुंबई आवृत्तीच्या तयारीला लागला होता. दोन्ही पत्रं जुलैमध्ये स्टॉलवर आली. पण त्याआधीच, मे सरता सरता, ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मालकांनी ‘मुंबई मिरर’ हे छोट्या आकाराचं दैनिक काढलं आणि टाइम्स घेणाऱ्या घरांत ते टाइम्सबरोबरच पडू लागलं. मुंबईकर वाचकाने असं काही मागितलं नव्हतं. आपल्याच हुकमी पत्रासाठीचा वाचकाचा वेळ खाणारं, आपल्याच जाहिरातदारांना दुसरी स्वस्त जागा दाखवणारं पत्र मालकाने पदरचे पैसे घालून का काढावं? वाचकांच्या आवडीनिवडी, वयोगट, उत्पन्नगट यांचे कितीही तक्ते मांडले तरी उत्तर सापडत नाही. येऊ घातलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहिलं की ते लगेच दिसतं.

इंग्रजी दैनिकाची छापील किंमत आपल्याकडे कागदाच्या खर्चालाही पुरत नाही आणि त्यातलाही बराचसा भाग महिनाअखेरीला रद्दीवाला परत देतो. त्यामुळे किंमत पाडून वाचक ओढायला फारशी जागा नव्हतीच. भांडण होतं ते वाचकाच्या सकाळच्या वीस-तीस मिनिटांसाठी आणि जाहिरातदाराच्या बजेटसाठी. दाराशी आधीच दोन पत्रं पडत असतील तर तिसऱ्याला वेळ कोण देणार? ‘मिरर’ने ती जागा आधीच अडवून ठेवली. ‘डीएनए’ची मुंबईतली छापील आवृत्ती ऑक्टोबर २०१९मध्ये बंद झाली आणि ‘मिरर’चं दैनिक रूप थांबवण्याची घोषणा २०२०च्या डिसेंबरात आली. एकामुळे दुसरं झालं असा दावा करता येणार नाही. मधल्या काळात मोबाइलने आणि मग कोविडने छापील पत्रांचं कंबरडंच मोडलं होतं. तरी क्रम बोलका आहे. ज्याची वाट अडवायची तो गेला आणि अडवणाराही फार दिवस टिकला नाही.

या पुस्तकात मला जे म्हणायचं आहे ते एवढंच की, विपणन हा विक्रेता आणि ग्राहक यांच्यातला संवाद आहे, ही समजूत अर्धी खरी आहे. किंमत, जाहिरात, पॅकिंग, स्कीम, शाखा कुठे उघडायची, नवा वाण कधी आणायचा, या निर्णयांपैकी पुष्कळसे प्रतिस्पर्धी काय करील याचा अंदाज बांधून घेतलेले असतात, आणि काही तर थेट त्यालाच उद्देशून असतात. ‘हीच वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळाल्यास फरकाची रक्कम परत’ ही पाटी घ्या. गिऱ्हाइकाला ती उदारपणाची वाटते. पण शेजारचा दुकानदार ती वेगळी वाचतो: तू भाव उतरवलास तर मीही त्याच दिवशी उतरवीन, आणि तू उतरवल्याची बातमी मला माझंच गिऱ्हाईक आणून देईल. मग त्याने भाव उतरवायचा कशाला? ग्राहकाच्या हिताची दिसणारी पाटी भाव चढे ठेवायला मदत करते. विपणनाचा अभ्यास ग्राहकाच्या मनापुरता ठेवला, तर या पाटीचा अर्थ नेमका उलटा लावला जाईल.

प्रत्येक बाजारात असा डाव रंगतोच असं नाही. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरभर कांदा घेऊन उभा असलेला शेतकरी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याच्या मनात काय आहे याचा विचार करत बसत नाही. त्याने माल आणला काय, न आणला काय, त्या दिवशीच्या भावात फरक पडत नाही. तो भाव ठरवत नाही, मिळेल तो घेतो. (लिलावात बोली लावणाऱ्या व्यापाऱ्यांची गोष्ट वेगळी, ते मोजके असतात आणि एकमेकांना चांगले ओळखतात.) जिथे विक्रेते मोजके असतात आणि एकाच्या कृतीचा दुसऱ्याच्या गल्ल्यावर परिणाम होतो, तिथे गेम थिअरी सुरू होते. माझ्यासाठी उत्तम काय हे तू काय करणार यावर अवलंबून, तुझ्यासाठी उत्तम काय हे मी काय करणार यावर, आणि हे दोघांनाही माहीत. साबण, शीतपेयं, मोबाइल, सिमेंट, बिस्किटं, विमानप्रवास, ऑनलाइन जेवण अशा ज्या बाजारांत जाहिरातींवर पैसा ओतला जातो, ते बहुतेक सगळे याच जातीचे आहेत. हा योगायोग नव्हे.

या विचाराची सुरुवात खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांपासून झाली. १८३८ साली फ्रेंच गणिती ऑगस्तँ कूर्नो याने दोन मालकांचे दोन झरे कल्पिले आणि प्रत्येकाने किती पाणी बाजारात आणावं याचं गणित मांडलं. उत्तर असं निघालं की दोघांचाही नफा मक्तेदारापेक्षा कमी, पण शून्य नव्हे. १८८३मध्ये जोसेफ बर्ट्रांडने त्यावर आक्षेप घेतला: विक्रेते प्रमाण ठरवत नाहीत, किंमत ठरवतात. पाणी तेच असेल तर जो पैशाने स्वस्त देईल त्याच्याकडे सगळं गिऱ्हाईक जाईल. मग दुसरा आणखी उतरवील, आणि हे चक्र किंमत खर्चाला टेकेपर्यंत थांबणार नाही. दोनच विक्रेते असले तरी नफा पार पुसला जातो. बर्ट्रांडचा हा निष्कर्ष प्रत्यक्षात क्वचितच दिसतो, आणि तो का दिसत नाही या प्रश्नाच्या उत्तरात निम्मं विपणनशास्त्र आलं. ब्रँड, सुगंध, बाटलीचा आकार, पॉइंट गोळा करण्याची कार्डं, ‘फक्त आमच्याकडेच’ असा मॉडेल नंबर ही सगळी बर्ट्रांडच्या गणितातून निसटण्याची धडपड आहे. पाणी तेच राहिलं तर दोघंही बुडतात, म्हणून ते वेगळं भासवावं लागतं.

किती वेगळं, हा पुढचा प्रश्न. १९२९मध्ये हॅरल्ड हॉटेलिंगने एका सरळ रस्त्यावरच्या दोन दुकानांचं उदाहरण घेऊन सांगितलं की दोघंही सरकत सरकत मध्यावर एकमेकांना चिकटतील, कारण थोडं शेजाऱ्याकडे सरकलं की त्याचं काही गिऱ्हाईक आपल्याकडे येतं. सायडरचा गोडवा असो की अमेरिकेतल्या दोन पक्षांची धोरणं असोत, सगळीकडे एकसारखेपणा का दिसतो याचं उत्तर त्याला यात सापडलं. पुण्याचा लक्ष्मी रस्ता, मुंबईचा झवेरी बाजार, विजेच्या सामानाची लोहार चाळ पाहिली की हॉटेलिंग पटतो. पण त्याच्या गणितात एक फट होती आणि ती दिसायला पन्नास वर्षं गेली. १९७९मध्ये दास्प्रमाँ, गाब्झेविच आणि तिस या तिघांनी दाखवलं की दुकानं चिकटली की पुन्हा बर्ट्रांडचंच भूत उभं राहतं: माल सारखा, जागा सारखी, उरते फक्त भावाची मारामारी. त्यांनी गृहीतकं थोडी बदलून मांडणी केली तेव्हा दोन्ही विक्रेते रस्त्याच्या दोन टोकांना गेले. म्हणजे एक ओढ शेजाऱ्याचं गिऱ्हाईक घेण्यासाठी जवळ आणते, दुसरी भावाची लढाई टाळण्यासाठी दूर नेते. लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या दुकानांनी दोन्ही साधलं आहे. जागा एकच, कारण गर्दी तिथे येते. पण एकाची ओळख पैठणीची, दुसऱ्याची रोजच्या वापराच्या साड्यांची, तिसऱ्याची लग्नाच्या बस्त्याची. ‘स्थान ठरवणं’ हा शब्द विपणनात ग्राहकाच्या मनातल्या जागेसाठी वापरतात. ती जागा शेजाऱ्यापासून किती अंतरावर आहे, हे त्यात सहसा मोजलं जात नाही.

भारतातलं सगळ्यांत शिकवणारं उदाहरण धुण्याच्या पावडरीचं आहे. हिंदुस्तान लीव्हरची ‘सर्फ’ १९५९पासून बाजारात होती. १९६९मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत ‘निरमा’ सुरू केली. किंमत किलोला साडेतीन रुपयांच्या आसपास, सर्फच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याची. लीव्हरने बराच काळ तिकडे लक्ष दिलं नाही, आणि या दुर्लक्षाला व्यवस्थापनाच्या वर्गांमध्ये गर्व, आंधळेपणा अशी नावं मिळाली. मला हा आरोप अपुरा वाटतो. लीव्हरच्या जागी बसून हिशेब करा. निरमाला उत्तर म्हणून सर्फचा भाव पाडला तर जी घरं आज पूर्ण किंमत मोजताहेत त्यांच्याकडूनही कमी पैसे येणार. म्हणजे नव्या माणसाला मारायला स्वतःचा सगळा गल्ला पणाला लावायचा. बाजारात ज्याचं काही नाही त्याला ही भीती नसते. भाव पाडण्याची मोठ्या कंपनीची धमकी इथे पोकळ ठरते आणि नवख्याला ते नेमकं कळतं. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत खपात निरमा पुढे गेली. लीव्हरची सुटका झाली ती ‘व्हील’मुळे: वेगळं नाव, वेगळी पावडर, निरमाच्या जवळचा भाव. सर्फची किंमत तशीच ठेवून खालच्या मजल्यावर लढायला दुसरा गडी उभा केला. त्याच काळातली ललिताजी आठवा. स्वस्त आणि चांगलं यांतला फरक भाजीवाल्याच्या तोंडावर सांगणाऱ्या त्या बाईंची जाहिरात सर्फच्या गुणांविषयी फार थोडं सांगते; तिचा सगळा रोख निरमाच्या किमतीवर आहे. निरमाचं नाव मात्र ती घेत नाही.

याच बाजारात पुढे, मार्च २००४मध्ये, प्रॉक्टर अँड गॅम्बलने ‘टाइड’ची किंमत जवळपास निम्म्यावर आणली आणि ‘एरियल’चीही बरीच उतरवली. या वेळी लीव्हर थांबली नाही. थोड्याच दिवसांत सर्फ एक्सेलच्या किमती खाली आल्या. त्या वर्षी लीव्हरचा नफा लक्षणीय घटला. घरोघरी पावडर स्वस्त झाली. दोघांपैकी कोणाचाही पाय फार पुढे सरकला नाही आणि मग हळूहळू किमतींवरून भांडण जाहिरातींवर गेलं. २०१०च्या फेब्रुवारीअखेरीस रिनच्या जाहिरातीत टाइड नॅचरल्सचा पुडा नावासकट दाखवला गेला आणि प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात पोचलं. त्याआधी टाइड नॅचरल्समध्ये लिंबू आणि चंदन खरंच आहे का, यावरून मद्रास उच्च न्यायालयात भांडण झालं होतंच. २००४ची चाल चुकीची होती का? एका वर्षाच्या ताळेबंदात पाहिलं तर दोघांचंही नुकसान. पण लीव्हरने तेव्हा तोडीस तोड उत्तर दिलं नसतं, तर पुढच्या प्रत्येक आव्हानकर्त्याला मोकळं रान मिळालं असतं. भाव पाडायला आम्ही कचरतो असा जो निरमाच्या वेळी समज झाला होता, तो पुसण्याची ती किंमत होती. किती जास्त मोजली यावर वाद घालता येईल.

जाहिरातींचा खर्च हा याच प्रकारचा पेच, आणि त्याचा उत्तम पुरावा अमेरिकेतल्या सिगारेटींच्या धंद्यातून मिळतो. प्रत्येक कंपनी दूरचित्रवाणीवर अफाट खर्च करत होती, कारण बाकीच्या करत होत्या. सगळ्यांनी एकदम थांबवलं असतं तर प्रत्येकीचा हिस्सा जवळपास तेवढाच राहिला असता आणि पैसा वाचला असता. पण बाकीच्या थांबल्यावर एकटीने चालू ठेवण्याचा मोह एवढा मोठा की कोणीच थांबेना. गेम थिअरीत याला कैद्यांचा पेच म्हणतात. १९६९मध्ये या उद्योगाच्या प्रतिनिधींनी सिनेटच्या समितीपुढे स्वतःहून जाहिराती मागे घेण्याची तयारी दाखवली. अट एवढीच की तसा आपसांत करार केल्याबद्दल मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला होऊ नये. शेवटी काँग्रेसने कायदाच केला आणि २ जानेवारी १९७१पासून रेडिओ-टीव्हीवरून सिगारेट गेली. जाहिरातखर्च लगेच घटला आणि नफ्याला धक्का लागला नाही. यावर एक रास्त शंका आहे: त्याच वेळी धूम्रपानाविरोधी संदेश प्रसारित करण्याची टीव्ही केंद्रांवरची सक्तीही ओघाने संपली, तेव्हा कंपन्यांचा फायदा नेमका कशामुळे झाला? दोन्हींमुळे, असंच म्हणावं लागेल. पण खटल्यापासून संरक्षण मागायला आधी गेल्या त्या कंपन्याच, एवढी गोष्ट माझ्या मुद्द्याला पुरेशी आहे. त्यांना स्वतःचा पेच पुरता कळत होता; एकमेकींवर विसंबायची सोय तेवढी नव्हती. ती सोय बंदीने केली. शिवाय बंदी ही ज्याचा जम आधीच बसलाय त्याच्या पथ्यावर पडते, कारण नव्याने येणाऱ्याला स्वतःचं नाव ऐकवायचीच वाट राहत नाही.

करार न करता, एक शब्दही न बोलता जुळवून घेता येतं का? थॉमस शेलिंगने १९६०च्या पुस्तकात याचं उत्तर दिलं. न्यूयॉर्कमध्ये कोणाला भेटायचंय, पण ठिकाण-वेळ ठरलेली नाही, कुठे जाल? बऱ्याच जणांनी ग्रँड सेंट्रल स्टेशन आणि दुपारचे बारा असं सांगितलं. सगळ्यांच्या नजरेत सहज भरणारी अशी एखादी खूण असली की न बोलता एकमत होतं. किराणा दुकानात ही खूण म्हणजे पाच रुपयांचं नाणं. बिस्किटाचा पुडा, चिप्सचं पाकीट, साबणाची छोटी वडी, सगळं पाच आणि दहावर येऊन बसलेलं. तेल, साखर, मैदा महागला तर किंमत वाढत नाही. पुड्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं निव्वळ वजन घटतं. एकाने सहा रुपये केले आणि बाकीचे पाचवरच राहिले तर तो मेला, म्हणून कोणी सहावर जात नाही. वजन सगळेच थोडं थोडं कमी करतात. सप्टेंबर २०२५मध्ये बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा या खुणेची ताकद उघड दिसली. हिशेबाने पाच रुपयांच्या पुड्याचे चार रुपये पंचेचाळीस पैसे होतात. ते सुटे कोण देणार, कोण घेणार? किंमत पाचच ठेवून वजन वाढवण्याकडे कंपन्यांचा ओढा होता तो यामुळे. ग्राहकाला पाच रुपये ‘आवडतात’ हे एक कारण आहेच. पण एकमेकांना न विचारता सगळ्या कंपन्यांना सांभाळता येईल अशी दुसरी रेघच नाही, हे त्याहून मोठं कारण आहे.

मोबाइलच्या दरांत युद्ध आणि शांतता दोन्ही पाहायला मिळतात. २००९च्या मध्यापर्यंत आपल्याकडे मिनिटाच्या हिशेबाने पैसे कापले जात. एकसष्ट सेकंद बोललात तर दोन मिनिटांचे. सेकंदाने आकारणी करणं कोणालाही तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं. पण जो करील त्याची नक्कल बाकीचे करतील आणि सगळ्यांचंच उत्पन्न घटेल, म्हणून सगळे गप्प. टाटा डोकोमो नवी होती, गमावण्यासारखं तिच्याकडे थोडं होतं. तिने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि काही महिन्यांत सगळ्यांना तिच्यामागे जावं लागलं. निरमाचाच न्याय. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आली ती फुकट कॉल आणि फुकट डेटा घेऊन. पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणी दिवाळं काढलं, कोणी विकलं गेलं, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८मध्ये एक झाल्या. खाजगी कंपन्या तीन उरल्या. डिसेंबर २०१९मध्ये व्होडाफोन आयडिया आणि एअरटेलने ३ तारखेपासून दर वाढवले, जिओने ६ तारखेपासून. जुलै २०२४मध्ये पुन्हा तेच: जिओ आणि एअरटेल ३ तारखेला, व्होडाफोन आयडिया ४ तारखेला. यात साटंलोटं आहे असं मला सुचवायचं नाही. कायद्याने नुसतं मागोमाग दर वाढवणं हा गुन्हाही नाही. तिघांना एकमेकांचा खर्च, कर्ज आणि गरज पुरती ठाऊक असताना बोलायची वेळच येत नाही. ऑनलाइन जेवणातही हाच क्रम दिसतो: स्विगीने एप्रिल २०२३मध्ये ऑर्डरमागे दोन रुपये ‘प्लॅटफॉर्म फी’ लावली, झोमॅटोने ऑगस्टमध्ये. २०२४च्या ऑक्टोबरपर्यंत दोघांचीही दहावर पोचली होती.

या मांडणीवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की खऱ्या कंपनीत असं गणित कोणी मांडत नाही. मॅनेजर गडबडीत, अहंकाराने, वरिष्ठांच्या भीतीने निर्णय घेतात. हे खरंच आहे. कैद्यांचा पेच मुळात ज्या प्रयोगातून आला त्याचाच निकाल पाहा. १९५०मध्ये रँड या संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्व्हिन ड्रेशर यांनी दोन जाणत्या माणसांना हा डाव सलग १०० वेळा खेळायला लावला. सिद्धांताप्रमाणे दोघांनी दरवेळी दगा द्यायला हवा होता. प्रत्यक्षात ६० वेळा दोघांनी सहकार्य केलं. जॉन नॅशचं त्यावर म्हणणं असं की हे शंभर वेगळे डाव नव्हेतच, शंभर चालींचा एकच लांबलचक डाव आहे, आणि आज दगा दिला तर उद्या फेड होणार हे खेळणाऱ्याला कळतं. बाजार बहुतांशी असाच लांबलचक असतो. त्यात गणित न मांडताही माणसं अनुभवाने तिथेच पोचतात, आणि जी पोचत नाहीत ती फार दिवस धंद्यात राहत नाहीत. कंपनी नवी असेल, मॅनेजर दर दोन वर्षांनी बदलत असेल, तिथे मात्र हा अंदाज चुकतो, आणि अशी चुकलेली उदाहरणं या पुस्तकात मी मुद्दाम घेतली आहेत.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. प्रतिस्पर्ध्यावरच डोळा ठेवणाऱ्याचं गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष होतं, आणि निरमा उभी राहिली ती लीव्हरने न पाहिलेल्या गिऱ्हाइकामुळेच. मान्य. ग्राहकाची ओळख नसलेल्या माणसाला खेळायला पटच मिळत नाही. माझं म्हणणं त्यापुढचं आहे: ग्राहक ओळखून मिळालेला नफा टिकेल की नाही, हे बाकीच्यांना नक्कल करणं परवडतं का यावर ठरतं. करसनभाईंनी ओळखलेलं गिऱ्हाईक लीव्हरलाही दिसू शकत होतं. लीव्हरला हात बांधल्यासारखं झालं, म्हणून निरमाला दीड दशक मिळालं. डोकोमोचं तसं झालं नाही. कल्पना तिची ग्राहकांना आवडलेली होती, पण नक्कल करणं सगळ्यांना जमण्यासारखं होतं आणि वर्षसुद्धा गेलं नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा: घडून गेलेल्या कशाचंही स्पष्टीकरण देता येतं, कारण लांबलचक डावाला एकाहून अधिक समतोल (कोणालाच एकट्याने चाल बदलावीशी वाटत नाही अशा स्थिती) असतात. युद्ध झालं तरी सिद्धांत खरा, शांतता राहिली तरी खरा. या टीकेत तथ्य आहे, आणि सुटी किंमत अगदी अचूक सांगण्याचा दावा या विद्येने करू नये असं माझं मत आहे. पण दिशा ती सांगू शकते आणि ती तपासताही येते. टिमोथी ब्रेस्नाहन आणि पीटर रीस यांनी १९९१मध्ये अमेरिकेतल्या एकाकी छोट्या गावांतले डॉक्टर, दंतवैद्य, औषधविक्रेते, नळकामवाले, टायरवाले यांची संख्या मोजून दाखवलं की स्पर्धेची धार मुख्यतः दुसरा आणि तिसरा माणूस आला की वाढते. चौथ्या-पाचव्याने फारसं काही बदलत नाही. मग तीन मोबाइल कंपन्या पुरेशा म्हणायच्या का? नळकामवाल्याच्या गावात उद्या चौथा येऊ शकतो आणि ही भीती तिघांना ताळ्यावर ठेवते. लिलावात हजारो कोटींच्या रेडिओलहरी विकत घेतल्याशिवाय जिथे पाऊल टाकता येत नाही, तिथे ती भीती कितीशी उरणार?

शेवटचा आक्षेप नैतिक आहे: हे सगळं शिकवणं म्हणजे ग्राहकाविरुद्ध संगनमत करायला शिकवणं. ‘तू मारल्यासारखं कर, मी रडल्यासारखं करतो’ हे शिकायला आपल्या व्यापाऱ्यांना परदेशी गणितींची वाट पाहावी लागली नाही. कायद्याने मात्र हे गणित नीट शिकून घेतलं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाच्या नियमांनुसार संगनमतातला जो गडी सगळ्यांत आधी येऊन कबुली आणि पुरावा देईल त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. दुसऱ्याला जास्तीत जास्त निम्मी सूट, तिसऱ्याला तीस टक्के. कैद्यांचा पेच इथे मुद्दाम उभा केलेला आहे. बिअर कंपन्या आपसांत ईमेल करून किमतींचे प्रस्ताव ठरवत होत्या, त्या प्रकरणी सप्टेंबर २०२१मध्ये आयोगाने युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी आणि कार्ल्सबर्गला सुमारे १२१ कोटी रुपये दंड केला. आधी येऊन सांगणाऱ्या एबी इनबेव्हला शून्य. ही विद्या कंपन्यांना कळते आणि आयोगालाही कळते. तिच्याबाबत अंधारात राहिला आहे तो पैसे मोजणारा माणूस, आणि हे पुस्तक मराठीत लिहिण्यामागे त्याचा विचार विद्यार्थ्यांइतकाच आहे.

गणिताची प्रकरणं शेवटी ठेवली आहेत. ज्यांना त्यांचा कंटाळा असेल त्यांनी ती खुशाल सोडावीत. मुद्दा समजायला त्यांची गरज पडणार नाही. पण दुकानात गेल्यावर पाच रुपयांच्या पुड्यावरचं निव्वळ वजन वाचून पाहा, शेजारच्या कंपनीच्या पुड्यावरचंही वाचा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा वाचा.